फिनलंड की केनिया? तौलनिक शिक्षणात पीएचडी करताना तुलना कशाची आणि कोणाशी करावी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत अनेक वर्षे शिकवून, एम.एड. पूर्ण करून आता पीएचडीकडे वळणाऱ्या एका शिक्षकांनी विचारले आहे की, ‘महाराष्ट्र आणि फिनलंड येथील प्राथमिक शिक्षणव्यवस्थांचा तौलनिक अभ्यास’ हा विषय घ्यावा का, तो मान्य होईल का, अशा संशोधनाची पद्धत काय असते आणि ते येथे करावे की परदेशी विद्यापीठात. प्रश्न चार असले तरी पहिल्याचे उत्तर नीट लागले की उरलेले बरेचसे आपोआप सुटतात, म्हणून माझा भर पहिल्यावरच राहील.

विषय मान्य होईल. आपल्याकडच्या संशोधन समित्यांपुढे असे विषय वर्षानुवर्षे येतात आणि संमतही होतात. तरीही तो घेऊ नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. या धर्तीच्या प्रबंधांचा साचा ठरलेला असतो: प्रशासन, अभ्यासक्रम, शिक्षक-प्रशिक्षण आणि मूल्यमापन अशी प्रकरणे पाडायची, प्रत्येकात आधी तिकडचे आणि मग इकडचे वर्णन द्यायचे, आणि शेवटी महाराष्ट्राने काय स्वीकारावे याच्या शिफारशी लिहायच्या. दोन वर्णने शेजारी ठेवल्याने तुलना होत नाही. तुलना तेव्हा होते, जेव्हा दोन ठिकाणांमधील फरकाचा उपयोग करून आपण एखाद्या ‘का’चे उत्तर शोधतो. वरच्या साच्यात तो ‘का’ कुठेच नसतो, कारण एक व्यवस्था श्रेष्ठ आणि दुसरी मागासलेली हे पहिल्या पानावरच गृहीत धरलेले असते.

फिनलंडच्या बाबतीत आणखी एक अडचण काळाची आहे. तेथील सर्वांसाठी समान अशी नऊ वर्षांची शाळा १९७२ ते १९७७ या काळात उत्तरेकडील लॅपलंडपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे पसरली. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांकडे गेले ते त्याच दशकात, आणि प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवीची अट १९७९ पासून लागू झाली. जगाने फिनलंडची दखल घेतली ती मात्र २००० साली झालेल्या पहिल्या ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल लागल्यानंतर. म्हणजे ज्या यशाचे कारण शोधायला अभ्यासक तेथे जातात, त्या यशाची मुळे ते ज्या वर्गात बसून टिपणे काढतात त्या वर्गात नसून दोन-तीन दशके मागच्या निर्णयांत असू शकतात. शिवाय ते यशही स्थिर राहिलेले नाही. गणितात फिनलंडची सरासरी २००३ मध्ये ५४४ होती, ती २०२२ मध्ये ४८४ पर्यंत खाली आली, आणि या घसरणीच्या कारणांविषयी फिनलंडमधील अभ्यासकांमध्येच मतभेद आहेत. क्रमवारीतील स्थान पाहून जोडीदार निवडणाऱ्याचा प्रबंध पूर्ण होईपर्यंत ते स्थान बदललेले असते.

सुमारे ५५ लाख लोकसंख्येचा देश आणि २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख लोकसंख्या असलेले राज्य यांची तुलना करूच नये, असे मी म्हणत नाही. लहान-मोठ्या व्यवस्थांची उत्तम तुलना होऊ शकते. अडचण अशी आहे की या दोहोंमध्ये एकही सामाईक समस्या नाही आणि मोजण्याची सामाईक पट्टीही नाही. ‘पिसा’त भारतातून आजवर फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये, तीही २००९ च्या वाढीव फेरीत, उतरली. त्यांचे निकाल तळाशी लागले आणि त्यानंतरच्या फेऱ्यांपासून देश दूर राहिला. महाराष्ट्राचा त्या मोजपट्टीवर कोणताच आकडा नाही. मग मुलांच्या शिकण्याविषयी तुम्ही दोन्हीकडे काय मोजणार?

या विद्याशाखेत १९०० सालचे एक व्याख्यान अजूनही वाचले जाते. इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे मायकेल सॅडलर यांनी असा मुद्दा मांडला की, शाळेच्या आत जे असते त्याहून शाळेबाहेर जे असते त्याला अधिक महत्त्व आहे, कारण आतल्या गोष्टींचा अर्थ बाहेरच्या गोष्टी ठरवतात. बागेत फिरणाऱ्या मुलाने एका झुडपाचे फूल आणि दुसऱ्याची पाने खुडून घरच्या मातीत खोचली, तर त्यातून जिवंत रोप उगवत नाही, हा त्यांचाच दृष्टान्त. हेच सॅडलर पुढे १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे अध्यक्ष म्हणून भारतात आले. सव्वाशे वर्षांत पद्धती पुष्कळ बदलल्या, पण संशोधनार्थीला पहिल्या दिवशी वाचायला द्यावे असे याहून मोलाचे काही मला अजून सापडलेले नाही.

आता पर्याय सांगते. तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे की तुमच्या केंद्रातील, म्हणजे शेजारच्या शाळांच्या समूहातील, अधिकाऱ्यांच्या शाळाभेटींमधून शिक्षकांच्या हाती फारसे काही लागत नाही आणि याचे तुम्हाला वाईट वाटते. माझ्या मते तुमचा विषय त्या एका वाक्यात आहे, आणि त्यासाठी जोडीदार म्हणून केनिया हा देश फिनलंडपेक्षा कितीतरी अधिक शिकवील.

केनियात जानेवारी २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि १० लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला. दोन्हीकडे पटनोंदणी वाढली, पण मुले वाचायला शिकतात का, हा प्रश्न उरला आणि तो विचारण्याचे साधनही दोन्हीकडे एकाच कुळातले होते. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ हे घरोघरचे सर्वेक्षण सुरू केले. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढाच मजकूर असलेला कागद मुलाच्या हाती द्यायचा आणि ते कुठवर वाचते ते पाहायचे, अशी त्याची रीत आहे. याच रीतीवरून २००९ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा या तीन देशांत ‘उवेझो’ हे सर्वेक्षण उभे राहिले. वरच्या इयत्तांतील बरीच मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत, हे दोन्हीकडे या साध्या कागदानेच लोकांपुढे आणले.

पुढचा योगायोग तर संशोधकाला हवाहवासा वाटावा असा आहे. २०१५ मध्ये केनियाने ‘तुसोमे’ हा पहिल्या इयत्तांच्या वाचनाचा कार्यक्रम देशभरातील सरकारी शाळांत नेला आणि त्याच वर्षी जून महिन्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या गुणवत्ता कार्यक्रमाचा शासननिर्णय निघाला. दोन्ही कार्यक्रमांची भिस्त शाळा आणि वरचे कार्यालय यांच्यामध्ये उभ्या असलेल्या एका अधिकाऱ्यावर होती. आपल्याकडे तो केंद्रप्रमुख, तर तिकडे अभ्यासक्रम साहाय्य अधिकारी. दोघांकडे शाळांचा एक समूह, दोघेही बहुधा आधी शिक्षक असलेले, आणि दोघांकडूनही अपेक्षा तीच: शाळेत जावे, पाठ पाहावा, शिक्षकाला मदत करावी. साम्य इतके आहे की फरक उठून दिसतात, आणि तुलनेला नेमके हेच लागते.

फरक कोणते, ते जवळून पाहा. ‘तुसोमे’मध्ये या अधिकाऱ्याच्या हातात टॅब्लेट दिला होता. पाठ पाहताना काय नोंदवायचे, हे त्या टॅब्लेटमधील प्रपत्र ठरवत असे. काही मुलांचे वाचन तिथल्या तिथे ऐकून नोंदवावे लागे. भेट कोणत्या ठिकाणी झाली हे उपग्रहाधारित स्थाननोंदीवरून कळे, आणि प्रवासखर्चाची भरपाई प्रत्यक्ष झालेल्या भेटींशी जोडलेली होती. आपल्याकडचा केंद्रप्रमुख शाळेत येतो तेव्हा भेटीची खूण शेरेबुकात उरते. त्यात काय लिहायचे हे बहुतांशी त्याच्यावर असते. त्याच्यामागे ‘यू-डायस’ या शाळांच्या माहितीकोशात भरायची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायचे तक्ते आणि निवडणुकीची कामे लागलेली असतात, आणि पदे रिक्त असली तर शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभारही असतो. आणखी एक फरक नोकरीचा आहे. केनियातील शिक्षक आणि हा अधिकारी, दोघेही राष्ट्रीय पातळीवरील शिक्षक सेवा आयोगाचे कर्मचारी असतात, तर वाचन कार्यक्रम शिक्षण मंत्रालयाचा होता. या अधिकाऱ्याला दोन मालकांचे ऐकावे लागे. आपल्या केंद्रप्रमुखाची आस्थापना जिल्हा परिषदेची, आणि शैक्षणिक सूचना मात्र पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून, डाएट या जिल्हा प्रशिक्षण संस्थेमार्फत येणाऱ्या. येथेही मालक दोनच, पण त्यांची मांडणी निराळी.

यातून खरा संशोधन-प्रश्न तयार होतो: मधल्या फळीतील अधिकाऱ्याची शाळाभेट कोणत्या परिस्थितीत शिकवण्याविषयीची भेट होते आणि कोणत्या परिस्थितीत कागदपत्रांची तपासणी होते? या प्रश्नात ‘महाराष्ट्र’ आणि ‘केनिया’ ही नावे येतही नाहीत. ती उत्तर शोधण्यासाठी निवडलेली ठिकाणे आहेत. तुलनेचा प्रबंध चांगला बांधला गेला आहे की नाही, हे ओळखण्याची माझी कसोटी हीच आहे की देशांची नावे काढून टाकली तरी प्रश्न उभा राहिला पाहिजे.

पद्धतीविषयी आता नेमके बोलता येईल. पहिले साधन शेरेबुक. एका तालुक्यातील दोन-तीन केंद्रे निवडा, परवानगीने गेल्या दोन वर्षांतील शेरे वाचा आणि प्रत्येक शेरा कशाविषयी आहे हे नोंदवा: मुलांचे वाचन, शिक्षकाची पाठ घेण्याची रीत, अभिलेखे, इमारत, आहार की हजेरी. हे काम नीरस आहे, पण ते मन लावून केले तर जे हाती येते ते कोणत्याही प्रश्नावलीतून येत नाही, कारण प्रश्नावलीत प्रत्येक केंद्रप्रमुख ‘मी शैक्षणिक मार्गदर्शन करतो’ याच पर्यायावर खूण करील. तिकडे याच्या जोडीला टॅब्लेटमधील प्रपत्र आणि त्यातून निघालेले अहवाल वाचावे लागतील. दुसरे साधन प्रत्यक्ष निरीक्षण: एका भेटीत सकाळपासून निघेपर्यंत अधिकारी किती वेळ वर्गात आणि किती वेळ मुख्याध्यापकांच्या टेबलाशी असतो, मुलांशी बोलतो का, निघताना शिक्षकाला काय सांगतो.

तिसरे साधन मला विशेष प्रिय आहे. जोसेफ टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, चीन आणि अमेरिका येथील बालवाड्यांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी प्रत्येक देशातील एका दिवसाचे चित्रीकरण केले आणि ते त्या शिक्षिकेला, त्याच देशातील इतर शिक्षकांना आणि अन्य दोन देशांतील शिक्षकांना दाखवले. जपानी बालवाडीत मुले भांडत असताना शिक्षिका मध्ये पडत नाही, हे पाहून अमेरिकी शिक्षक अस्वस्थ झाले. मुलांनी आपसांत मिटवायला शिकावे म्हणून आपण मुद्दामच थांबतो, असे जपानी शिक्षिकेचे म्हणणे होते. चित्रफीत येथे पुरावा म्हणून नव्हती, ती बोलते करण्यासाठी होती. तुम्ही एका केंद्रप्रमुखांच्या भेटीचे चित्रीकरण केनियातील अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या भेटीचे आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांना दाखवले, तर एरवी कोणी बोलून दाखवणार नाही अशी गृहीते समोर येतील. यासाठी सर्वांची लेखी संमती हवी, मुलांच्या बाबतीत पालकांचीही, आणि ज्यांच्या कामावर वरिष्ठांकडून कारवाई होऊ शकते अशांची ओळख प्रबंधात उघड होणार नाही याची काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल.

आकड्यांची तुलना करण्याचा मोह होईल, तेथे फार जपून राहा. ‘तुसोमे’च्या काळात केनियात मिनिटाला किती शब्द अचूक वाचले म्हणजे मूल अस्खलित वाचते, याची मर्यादा इंग्रजीसाठी ६५ शब्द आणि किस्वाहिली या तेथील राष्ट्रभाषेसाठी ४५ शब्द अशी वेगवेगळी ठेवली होती. त्याच वर्गातील त्याच मुलासाठी दोन आकडे, कारण किस्वाहिलीत एकाच क्रियापदात कर्ता, काळ आणि कर्म हे सगळे गुंफलेले असते आणि शब्द लांब होतात. मराठीची गतही काहीशी तशीच आहे. ‘शाळेतल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द वाचणाऱ्या मुलाने इंग्रजी वाचकाच्या तीन-चार शब्दांचे काम केलेले असते, आणि जोडाक्षरे व मात्रा वाचण्याचा भार वेगळाच. २०२१ च्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द असे उद्दिष्ट सर्व भाषांना मिळून दिले गेले, आणि पुढे २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात भाषावार मानदंड ठरवण्याचे काम करावे लागले. म्हणून ‘केनियातील मुले मिनिटाला इतके शब्द वाचतात आणि आपली इतके’ हे वाक्य प्रबंधात कुठेही येता कामा नये. प्रत्येक भाषेत, त्याच ठिकाणी, काळानुसार झालेला बदल तपासता येतो, आणि तेवढे पुरे आहे.

याच धाग्यातला आणखी एक मुद्दा शाळेच्या भाषेचा आहे. केनियाच्या उत्तरेकडील तुर्काना भागातील अनेक मुलांना किस्वाहिली शाळेतच प्रथम भेटते, मेळघाटातील कोरकू मुलांना मराठी भेटते तशी. ‘मराठी माध्यमाच्या शाळा’ असा एकच गठ्ठा करून तुम्ही केनियाशी तुलना केली, तर राज्याच्या आतला हा मोठा फरक हरवतो. मार्क ब्रे आणि मरे थॉमस यांनी १९९५ मध्ये तुलनेच्या पातळ्यांची जी घनाकृती मांडणी केली, तिचे सार हेच आहे की तुलना जागतिक विभागापासून राज्य, जिल्हा, शाळा आणि वर्गापर्यंत कोणत्याही पातळीवर होऊ शकते, आणि चांगल्या अभ्यासात एकाहून अधिक पातळ्या असतात. लेस्ली बार्टलेट आणि फ्रान्सिस वाव्रस यांनी अलीकडे त्यात काळाचा आणि धोरणाच्या प्रवासाचा अक्ष अधिक स्पष्ट केला. तुमच्या विषयाला ही दुसरी मांडणी जास्त मानवेल. पाठ्यपुस्तकांतून शिकवली जाणारी ‘तौलनिक पद्धतीच्या चार पायऱ्या’ ही यादी पाठ करून काही साधत नाही.

धोरण प्रवास करते तेव्हा त्याचे काय होते, याचा अभ्यास आपल्या मातीत भरपूर करण्याजोगा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे माँटेसोरींची दृष्टी घेतली, पण महागडी साधने घेतली नाहीत. परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधने घडवली आणि मूल शाळेत येत नसेल तर बालवाडी अंगणात नेली. १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगात जपान, सोव्हिएत संघ, ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्स येथील तज्ज्ञ सदस्य होते, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. उलट दिशेने, ‘प्रथम’ची पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत आता झांबियासह आफ्रिकेतील अनेक देशांत गेली आहे. आपण नेहमी घेणारेच असतो, ही समजूत या एका उदाहरणाने दूर व्हावी.

वाचन करताना पैसा कोणाचा आहे हे पाहण्याची सवय लावून घ्या. ‘तुसोमे’साठी मोठा निधी अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडून आला आणि कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेतील संशोधकांनीच त्यावर अनेक लेख लिहिले. ते लेख चांगले आहेत, पण ते आतून लिहिलेले आहेत. २०२५ मध्ये ‘यूएसएड’ बंद झाली. बाहेरचा पैसा थांबल्यावर भेटी, टॅब्लेट आणि प्रवासखर्च यांचे काय झाले, हा प्रश्न आज विचारण्याजोगा आहे, आणि राज्याच्या स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रप्रमुख व्यवस्थेशी त्याची तुलना करणे हा तुमच्या प्रबंधाचा सर्वांत मौलिक भाग ठरू शकतो.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. केनियात क्षेत्रकार्यासाठी राष्ट्रीय विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम आयोगाचा संशोधन परवाना लागतो आणि त्यानंतर काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) पातळीवरही नोंद करावी लागते. येथे शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि तुमच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीची संमती घ्या. तुम्ही स्वतः त्याच जिल्हा परिषदेत नोकरीला आहात, म्हणून क्षेत्र दुसऱ्या जिल्ह्यातील निवडा. ज्या अधिकाऱ्याच्या हातात तुमचा गोपनीय अहवाल आहे त्याची मुलाखत मोकळी होणार नाही. तिकडचे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, आपले जूनमध्ये, त्यामुळे ‘वर्षाच्या शेवटी’ हे दोन्हीकडे वेगवेगळे महिने येतात. वेळापत्रक आखताना हे आधीच मांडा. किस्वाहिली निदान बोलण्यापुरती शिका आणि तेथील एखाद्या विद्यापीठातील संशोधकाला सहभागी करून घ्या, केवळ दुभाषी म्हणून नव्हे.

येथे की परदेशात, याचे उत्तर तुमच्या रजेवर आणि खिशावर अवलंबून आहे. लंडनची इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, न्यूयॉर्कचे टीचर्स कॉलेज, ससेक्स, स्टॉकहोम आणि हाँगकाँग ही या विषयाची जुनी केंद्रे आहेत, पण पूर्ण शिष्यवृत्तीशिवाय तेथे जाण्याचा सल्ला मी नोकरदार शिक्षकाला देणार नाही. भारतात २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षे आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. दिल्लीची ‘नीपा’ ही शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची राष्ट्रीय संस्था, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था किंवा राज्यातील एखादे विद्यापीठ येथे नोंदणी करून फुलब्राइट-नेहरूसारख्या शिष्यवृत्तीवर काही महिने परदेशी ग्रंथालयात आणि मार्गदर्शकांसोबत काढणे हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या अटी नोंदणीपूर्वीच वाचा, कारण नोकरीत असलेल्यांना त्या बहुधा लागू होत नाहीत.

मार्गदर्शकांकडे पहिल्यांदा जाताना शीर्षक घेऊन जाऊ नका. एका केंद्रातील एका वर्षाच्या शेऱ्यांचे वर्गीकरण करून त्यावर चार-पाच पानांचे टिपण लिहा, त्यात तुम्हाला काय अनपेक्षित दिसले ते सांगा, आणि केनियातील कोणती माहिती मिळाली तर त्या अनपेक्षित गोष्टीचा उलगडा होईल ते शेवटच्या परिच्छेदात लिहा. शीर्षक त्या टिपणावरून दोघांनी मिळून ठरवावे.